रडकीच्या पलीकडे

ब्लफ, ९ जानेवारी

प्रिय एरेना,

फोनवर आपण बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडतो, म्हणून लिहिते आहे. कागदावर तुला मला मधेच तोडता येणार नाही आणि मला दार आपटता येणार नाही.

नाताळच्या जेवणावर मी जे बोलले ते मी मागे घेत नाही. ज्या आवाजात बोलले तो आवाज मागे घेते. टेबलावर बाबाने पकडून आणलेल्या शेवंडी होत्या, टिओनेमामा तिसऱ्यांदा वाढून घेत होता, आणि तू बटाट्यांचं भांडं पुढे करता करता म्हणालीस, "फेब्रुवारीत मी रक्त तपासून घेणार आहे. आजीला झालं ते मला होणार का, ते आत्ताच कळतं." जणू गाडीतलं तेल बघून घेणार होतीस. टिओनेचा काटा हवेत राहिला. त्याच्या तोंडात घास असताना तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

तू म्हणालीस, "मला मूल हवंय आई. त्याच्या अंगात हे घालायचं की नाही, एवढं तरी मला ठरवू दे." मी म्हणाले, "तुझ्या आजीने असा विचार केला असता तर आज हे बटाटे कोण वाढत असतं?" त्यावर तू भांडं खाली ठेवलंस. पुढचं आपल्या दोघींना पाठ आहे.

आता शांतपणे सांगते. आजीच्या रक्तात काय होतं ते डनिडिनच्या डॉक्टरांनी ती असतानाच शोधून ठेवलंय. तिच्या प्रत्येक मुलाची नाणेफेक. मी तिची एकुलती एक (टिओने तुझा मामा, तो बेटावरच्या शेजारामुळे), त्यामुळे माझ्या वाट्याचं नाणं एकच, आणि ते मी आजपर्यंत वर हवेतच ठेवलंय. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नको म्हटलं. झाकली मूठ झाकलेलीच बरी. पण तुझ्यात ते निघालं तर ते माझ्याकडूनच आलेलं असणार, बाबाच्या घरात कुणाला नाही. म्हणजे तू तुझी मूठ उघडलीस की माझीही उघडली. तुझ्या एका नळीभर रक्तात मी उघडी पडते, आणि मला कुणी विचारलेलंही नसतं.

मी त्रेपन्न वर्षांची आहे. आजीचं पंचावन्नाव्या वर्षी सुरू झालं. मला हंगामाला बेटावर जायचं असतं, बिळांतून पक्ष्यांची पिल्लं काढायची असतात, सोलून मीठ लावायचं असतं. हे सगळं करताना मानेवर कुणीतरी बसलेलं मला नको आहे.

तेव्हा तपासू नकोस. आणि तपासलंसच, तर चांगलं निघालं तर सांग. वाईट निघालं तर काही सांगू नकोस.

बाबा बरा आहे. बोटीला रंग देतोय, निम्मा स्वतःला.

तुझी आई


ब्लफ, ३ फेब्रुवारी

प्रिय एरेना,

तुझं उत्तर आलं. एवढ्या लांब पर्थला राहणारी मुलगी आणि दोन ओळींचं पत्र. पण दोन ओळींत तू मला बरोबर पकडलंस. "आई, चांगलं असेल तरच सांगायचं असेल, तर मी गप्प राहिले की तुला कळेलच की."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. लाज वाटली, कारण बाजारात घासाघीस करताना मी कुणाला ऐकत नाही. तर आता नवा करार असा: काहीही निघो, तू मला काही सांगायचं नाही. हसून नाही, रडून नाही. केलंस की नाही हेही नाही. मीही कधी विचारणार नाही. तुझ्या लुकासला सांग, डॉक्टरला सांग, पर्थमध्ये जाहिरात दे, पण मला नाही.

तू विचारलं आहेस की मला इतकी भीती कसली, आजार तर यायचा तेव्हा येणारच. तुला आजीचे शेवटचे दिवस आठवत नाहीत, तू शाळेत होतीस. मी दुपारी कामावरून यायचे तर ती खिडकीपाशी बसून उशी सोलत असायची. अभ्रा फाडून, मांडीत उशी धरून, आपण पक्ष्याची पिसं काढतो तशी, अंगठा आणि दोन बोटं, मान ते शेपूट, उलटी करून पुन्हा. एक पीस चुकायचं नाही. मी कोण ते तिला माहीत नव्हतं, बाबाला ती सुतार समजायची, पण हात सगळ्या बेटांत पहिल्या नंबरचे. मला बघून म्हणायची, "मुली, मीठ आण गं, इथे ढीग पडलाय." मी मीठ आणायचे. काय करणार? रिकामी वाटी आणायचे आणि ती त्यातून मूठ मूठ मीठ टाकायची.

मला भीती त्या उशीची नाही. तिला त्या उशीचं काही वाटत नव्हतं. त्याआधीची दोन वर्षं तिला कळत होतं. ती दोन वर्षं ती रोज सकाळी उठून स्वतःला तपासायची. घरच्यांची नावं, बोटींची नावं, बेटावरच्या आपल्या हद्दीच्या खुणा. एक अडली की भिंतीकडे तोंड करून बसायची. तुझी ती तपासणी म्हणजे ती दोन वर्षं ओढून वीस वर्षांची करणं.

लांब बिळाचं तुला आठवतं का? हात खांद्यापर्यंत घातला, गाल चिखलात टेकला, तरी पिल्लू बोटांना लागत नाही, तेव्हा वरून गवतासकट मातीचा गड्डा उचलून भोक पाडायचं आणि तिथून काढायचं. पण पिल्लू काढलं की पहिलं काम म्हणजे तोच गड्डा परत बसवून दाबायचा. नाहीतर पाऊस आत शिरतो, बीळ कुजतं, पुढच्या वर्षी तिथे कुणी अंडं घालत नाही. तू एकदा तसंच सोडून पुढे गेलीस तर आजीने तुला कानाला धरून मागे आणलं होतं. "उघडलंस ना? मग बूज."

तू उघडणार आहेस, ठीक. पण हे भोक बुजवायला गड्डा कुठला आणशील?

आई


ब्लफ, १२ मार्च

प्रिय एरेना,

आपलं सामान हेलिकॉप्टरच्या यादीत लागलं. मीठ, पिसं काढायचं मेण, बादल्या, बटाटे, कोबी, बाबाच्या पाठदुखीचं मलम. पुढच्या आठवड्यात बेटावर. तुझं ठरल्याप्रमाणे काही पत्र नाही, ते बरंच आहे. नाही म्हणजे, हवामानाबद्दल लिहायला कुणी मना केलेलं नव्हतं.

टिओने काल मिठासाठी आला होता. दरवर्षीप्रमाणे दारातूनच सुरू. "काय चोरटे, यंदा माझ्या बाजूची किती बिळं साफ करणार?" मी म्हटलं, "तुझ्या बाजूला पिल्लं असतात का? मला वाटलं नुसता आवाज असतो." बाबाला म्हणाला, "कॉलिन, तू या घरात नवीन आहेस म्हणून सांगतो, हिची आई पण अशीच होती." बाबाच्या लग्नाला तीस वर्षं होतील. तो अजून नवीनच.

बाबाच्या त्या जुन्या गमतीची पुन्हा आठवण निघाली. धुक्यात तो चुकून टिओनेच्या जमिनीत शिरला होता आणि दोन पिल्लं काढून बसला होता. टिओनेने दोन्ही परत घेतली आणि संध्याकाळी रेडिओवर, जेव्हा सगळी बेटं आपापली खबर देतात, तेव्हा गंभीर आवाजात: "सर्व बेटांना कळवण्यात येतं की एक गोरा, उंच, दिसायला बरा चोर पकडला आहे. ज्यांचा असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावं." त्या रात्री सगळ्या बेटांवरून ओळख पटवणारे बोलत होते. ब्लफच्या पबमध्ये बाबाला अजून "ओळख पटली का?" असं विचारतात. तुला हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिताना हसू येतं.

मी नेहमी म्हणायचे की बाबाचं ठीक, तो बाहेरून आलेला. ज्याच्या रक्तात हे बेट आहे तो हद्द चुकत नाही. कुंपण नाही, कागद नाही. आईने चालवत नेऊन दाखवायची, मुलीने डोक्यात ठेवायची. बसकी म्हातारी नावाचा खडक, तिथून खाली किटली, जिथे पणजोबा घसरून किटलीसकट पडले, मग रडकी, आणि समुद्राकडे उतरताना सीलची पाठ. बस. एवढंच आपलं वतन. तू लहानपणी रडकीपाशी थांबून तिच्याखाली तोंड उघडं धरायचीस, कारण त्या खडकातून उन्हाळ्यातही पाणी ठिबकतं. आणि दुसऱ्या खुणेपासून "कंटाळा आला" म्हणत असायचीस.

बाकी ठीक. परवा किटली करपली. मी चहाचं पाणी ठेवून बोटीवर गेले होते, वाटेत कुणीतरी भेटलं असणार. गंमत म्हणजे बाबाने टिओनेला सांगितलं, "मी करपवली." का कोण जाणे. करपवली मी होती. विचारलं तर म्हणाला, "जाऊ दे गं, माझी कीर्ती आधीच आहे."

नातवंड झालं की त्यालाही चालवत न्यायचं आहे. लिहून टाकलं. रागावू नकोस.

आई


बेटावरून, २१ एप्रिल

प्रिय एरेना,

हेलिकॉप्टर तुला घेऊन गेलं तेव्हा मी पाठ फिरवून उभी होते. पंख्याचा वारा डोळ्यात जातो म्हणून.

तू येशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मिठाच्या पोत्यांच्या मागून तू उतरलीस आणि टिओने ओरडला, "अरे, आम्ही मीठ मागवलं होतं, हे काय पाठवलंय?" आणि बाबा, ज्याला पाठ वाकवता येत नाही, तो चिखलातून पळत आला. इतक्या वर्षांनी तू बेटावर. पर्थहून इथे यायचं म्हणजे आयुष्यातला एक आठवडा वाया जातो असं म्हणणारी तू.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणालीस, "आई, हद्द दाखव." मला हसूच आलं. तुला हद्द दाखवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. पण तू बूट घालून दारात उभी. आपण चाललो. तू मधेच थांबवून विचारत होतीस, खडकाची कुठली बाजू आपली, कुठली टिओनेची? झाड पडलं तर काय धरायचं? परत आल्यावर मला वाटलं झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा, "चल." मग पुन्हा. मग म्हणालीस, "आज तू मागून चाल. मी खुणांची नावं म्हणते, चुकलं तर थांबव." तू एकही चुकली नाहीस. मी मागून चालत होते आणि मला इतका अभिमान वाटत होता की मी तुझ्या पाठीकडे बघत राहिले, पायांकडे नाही, आणि किटलीपाशी मीही पणजोबांसारखी घसरून बसले.

पिसं काढायच्या खोलीतही तू माझ्याशेजारची जागा सोडली नाहीस. मेण किती गरम, बघून कसं कळतं, पोट चिरताना सुरी कुठे थांबते. "मीठ किती?" म्हणालीस. मी म्हणाले, "हाताला कळतं तेवढं." तू म्हणालीस, "मग तुझा हात दे." आणि माझ्या हाताखाली हात घालून मिठात बुडवलास. तशाच आपण एक आख्खी बादली भरली. बाबा बघून म्हणाला, "दोघींनी मिळून एका बाईचं काम करा, म्हणजे उद्यापर्यंत होईल."

टिओनेनेही तुला सोडलं नाही. तुला हद्दीवरून फिरताना बघून ओरडला, "पोरीला वतनाची एवढी घाई? आई जिवंत आहे गं अजून!" सगळे हसले. मीपण हसले. तू बादली उचललीस आणि पाण्याला गेलीस. पाणी भरलेलंच होतं.

मी पाळण्याचं विचारलं तेव्हा तू मान वर न करता म्हणालीस, "आता नाही आई. आधी मला हे सगळं नीट येऊ दे." आणि निघताना तू माझ्या स्वेटरमध्ये नाक खुपसलंस. चरबीचा आणि पिसांचा वास, ज्याने तुला लहानपणी उलटी यायची. कितीतरी वेळ. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी लुकासला आण." तू म्हणालीस, "मी दर वर्षी येणार आहे."

तू काही सांगितलं नाहीस. मी काही विचारलं नाही. आपण दोघींनी शब्द पाळला.

पण एरेना, ज्याच्याकडे वेळ असतो तो असं शिकत नाही.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. कदाचित माणसाला वयाप्रमाणे अक्कल येते, आणि तुझी आली. कदाचित एवढंच असेल. हे पत्र बादल्या न्यायला हेलिकॉप्टर येईल त्याच्याबरोबर जाईल.

आई


बेटावरून, १० मे

प्रिय एरेना,

आज मी टिओनेच्या जमिनीत सापडले.

जसं झालं तसं लिहिते. सकाळी पाऊस थांबला म्हणून मी तारेचा आकडा आणि पिशवी घेऊन खालच्या बाजूला गेले. बाबा सरपण फोडत होता. बिळं चांगली लागली. पोटावर पडून, हात घालून, एकामागून एक. जड, गुबगुबीत पिल्लं, यंदाची सगळ्यात चांगली. मला मनातून इतकं बरं वाटत होतं की मी गुणगुणत होते. एका लांब बिळाचा गड्डा परत बसवून दाबत होते, तेव्हा मागे बूट दिसले. टिओने उभा होता. केव्हापासून, माहीत नाही. मी म्हणाले, "तू इकडे काय करतोस? चोर कुठला!"

त्याने माझ्या पिशवीकडे बघितलं. मग मी आजूबाजूला बघितलं. त्याचं ते फाटलेल्या खोडाचं झाड माझ्या उजव्या हाताला होतं. ते डाव्या हाताला असायला हवं, आणि लांब. मी नुसती पाऊल चुकून पलीकडे गेले नव्हते. मी त्याच्या जमिनीच्या मध्यावर होते. मागे वळून बघितलं तर माझ्या दाबलेल्या गड्ड्यांची रांगच्या रांग.

मी वाट बघत राहिले. खरंच सांगते, मी त्याच्या तोंडाकडे बघत वाट बघत होते की आता तो सुरू करेल. "सर्व बेटांना कळवण्यात येतं..." मी हसायची तयारीसुद्धा केली होती. तो खाली वाकला, माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, "दमलीस ना? चल, घरी सोडतो."

मी म्हणाले, "ही तुझी पिल्लं आहेत."

"असू दे."

"असू दे काय? मोजून घे. बाबाची घेतली होतीस तशी."

"असू दे गं, रीपेका. सावकाश ये, दगड ओला आहे."

तो मला गेल्या कित्येक वर्षांत रीपेका म्हणालेला नाही. चोरटी म्हणतो, म्हैस म्हणतो, त्याच्या मुलांसमोर समुद्री डाकू म्हणतो. आणि त्याने माझा कोपर धरला, म्हातारीचा धरतात तसा, आणि दारापर्यंत आणून सोडलं. पिशवी आत ठेवली. बाबाकडे बघितलं. बाबाने त्याच्याकडे बघितलं. दोघांनी मिळून पावसाबद्दल काहीतरी म्हटलं.

संध्याकाळी मी रेडिओपाशी बसले. बाबा बटाटे सोलत होता. एकेक बेट आपली खबर देत होतं, कुणाचा जनरेटर, कुणाची दाढ. टिओनेची पाळी आली. मी आवाज मोठा केला. "इकडे सगळं ठीक," तो म्हणाला. "वारा दक्षिणेचा. उद्या पाऊस." आणि बंद केलं. ज्या गोष्टीवर पाच वर्षं पुरेल एवढं हसू होतं, ती त्याने कुणाला दिली नाही. बाबाने सुरी थांबवली नाही, पण तो एकच बटाटा सोलत राहिला, सुपारीएवढा होईपर्यंत.

आजीच्या शेवटच्या हंगामाच्या आधीच्या हंगामात टिओनेच्या वडिलांनी तिची चेष्टा करणं बंद केलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं म्हातारा सुधारला.

मी इथे झोपडीत बसून एक आशा धरून बघितली. ती अशी की तू तपासणी केलीच नाहीस, किंवा केलीस आणि तुझ्यात काही नाही. नाताळात तूच माझ्यात काही बघितलं असशील, मी शेवंडीत दोनदा मीठ घातलं होतं तसलं काहीतरी, आणि म्हणून घाईने हद्द शिकायला आलीस. तसं असेल तर हे फक्त माझं आहे, तुझं नाही. ही आशा मी दुपारभर धरून होते. मग मला आठवलं, "आता नाही आई." मूल हवं म्हणून तू हे सगळं सुरू केलंस. तुझ्यात काही नसतं तर तू पाळण्याचा विषय निघाल्यावर मान खाली घातली नसतीस.

तुझ्यावर राग नाही. तू शब्द मोडला नाहीस. हसलीस नाही, रडलीस नाही, फक्त मिठात हात घातलास. मीच करार नीट केला नव्हता. आपण सगळी भोकं बुजवली आणि मुख्य दार उघडं ठेवलं.

माझं काय ते मी बघेन. आजीने सोसलं, मीही सोसेन, आणि पुढचं मला कळणारही नाही. पण मला माझ्यासाठी नको होतं असं मी जे सांगत आले, ते पूर्ण खरं नव्हतं. मला तुझं कळायला नको होतं. तू माझ्या वयाची होऊन कुठल्यातरी खिडकीत बसशील, आणि तुला मीठ आणून द्यायला कुणी नसेल, हे मला बघायचं नव्हतं. आता ते मी रोज बघणार, जोपर्यंत बघता येईल तोपर्यंत. विसरेन तेव्हाच सुटेन, आणि तेव्हा तू एकटी उरशील.

बाबाला मी काही सांगितलेलं नाही. तो मला काही सांगत नाही. किटली आता तोच ठेवतो.

आई


बेटावरून, २७ मे

प्रिय एरेना,

हंगाम संपत आला. उरलेली पिल्लं आता बाहेर येऊन पंख फडफडवतात, एक दोन दिवसांत उडतील. बादल्या भरून झाल्या. शेवटच्या तीन बाबाने भरल्या, मीठ जास्त झालंय, देताना लोकांना सांगावं लागेल.

टिओने रोज काहीतरी निमित्ताने येऊन जातो. काल त्याला मी मुद्दाम म्हणाले, "तुझ्या बाजूला पिल्लं असतात का? मला वाटलं नुसता आवाज असतो." तो म्हणाला, "असतात गं," आणि माझ्यासाठी सरपण आत आणलं. मी त्याला हाकलून दिलं.

आज सकाळी उठल्यावर अंथरुणातच हद्दीच्या खुणा मनात म्हणून बघितल्या. आजी म्हणायची तशी. बसकी म्हातारी. किटली. मग अडले. सीलची पाठ येते, ती समुद्राकडची, पण तिच्या आधीची येत नाही. बाबा माझ्याकडे बघत होता म्हणून मी भिंतीकडे वळले. नंतर तिथवर चालत गेले. खडकासमोर उभी राहिले. त्याला हात लावला. आपला खडक, मला नीट दिसतोय, त्याच्यातून पाणी ठिबकतं, तू लहानपणी त्याच्याखाली तोंड उघडं धरून उभी राहायचीस. सगळं आहे. नाव नाही.

टिओनेला विचारू शकते, पण तो मला लगेच सांगेल, हळू आवाजात.

मला काही सांगू नकोस असं मी तुला बजावलं होतं. ते आता राहू दे. त्या खडकाला आपण काय म्हणतो, ते मला उलट टपाली लिहून कळव. मोठ्या अक्षरात लिही.

आई